मुळांच्या गाठी मोजणारी

शेतकी संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. आत सिमेंटचा लांबट हौद, त्यावर तीन नळ, एकात एक बसणाऱ्या चाळण्या आणि एक लाकडी स्टूल. त्या स्टुलावर गेली सत्तावीस वर्षं एकच बाई बसत आली होती. कागदोपत्री तिच्या पदाला काहीतरी लांबलचक नाव होतं, पण केंद्रातले सगळे तिला गाठमावशी म्हणत.

गाठी म्हणजे मुळांवरच्या. चवळी, मूग, सोयाबीन असल्या शेंगांच्या झाडांच्या मुळांना मोहरीएवढ्या, कधी वाटाण्याएवढ्या गाठी येतात. त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. हा घरोबा नीट चालला आहे की नाही, ते बघायचं काम मावशीचं. झाडं मातीच्या ढेकळासकट खणून तिच्याकडे यायची. ती ढेकूळ पाण्यात भिजत घालायची, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तशी माती सोडवायची आणि मूळ पांढऱ्या ताटलीत पसरायची. मग सुईच्या टोकाने एकेक गाठ मोजायची, आणि मोजून झाली की ब्लेडने मधोमध कापायची. आतून गुलाबी निघाली तर गाठ कामावर आहे. हिरवट निघाली तर थकली. पांढरी असेल तर अजून कामाला लागलेलीच नाही. तपकिरी म्हणजे संपली.

"तो गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लालीच्याच जातकुळीतला असतो," असं एका जुन्या साहेबांनी तिला कधीकाळी सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून गाठ कापताना तिचा हात क्षणभर थांबायचाच.

मुळात बाई तंद्रीतली. लहान असताना आई म्हणायची, "दूध उतू जाऊन चूल विझली तरी हिला पत्ता लागायचा नाही." घरात जे खोट ठरलं, ते या शेडमध्ये गुण ठरलं. दुसऱ्या कुणाला दिवसाला दहा मुळं मोजता मोजता जांभया यायच्या, हिची चाळीस व्हायची. नळाचं पाणी एका सुरात पडत असायचं, पत्र्यावर उन्हाची टिकटिक चालायची, आणि ती हळूहळू ताटलीतून खाली उतरून गाठीच्या आत जायची. आत तिला नेहमी एक बुटकी, गुलाबी भिंतींची खोली दिसे. उजेड कुठून येतोय ते कळत नसे. कोपऱ्याकोपऱ्यांत कुणीतरी वाकून काहीतरी विणत बसलेलं असे आणि कुणीही मान वर करून हिच्याकडे बघत नसे. तिला तिथं फार बरं वाटायचं. कुणी हाक मारली की ती वर यायची, आणि आकडा चुकलेला नसायचा.

तिचा नवरा अगदी उलट. तो खताच्या गोदामात हमाल होता. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा, ते शिट्टी वाजवत. सगळे त्याला पैलवान म्हणत. पुढे मणक्याने दगा दिला आणि पैलवान घरी बसला. घरी बसला म्हणजे, घरातल्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालू लागला. "मी आयुष्यभर पोत्यानं नत्र वाहिलं," तो बायकोला चिडवायचा, "आणि तू मोहरीच्या दाण्यात ते शोधत बसलीस. आपलं जमलं कसं?"

"जमलं कुठं? निभावलं," ती म्हणायची.

त्या वर्षी केंद्रात नवी मॅडम आली. वय तिशीच्या आतबाहेर, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर. पहिल्याच आठवड्यात ती शेडमध्ये आली आणि हौदाच्या काठावर अर्ध्या लिटरची एक बाटली ठेवून म्हणाली, "मावशी, हे नॅनो नत्र. ह्यातले कण इतके बारीक की आपल्या एका केसाच्या जाडीत दोन-अडीच हजार कण शेजारी शेजारी उभे राहतील. हे मातीत घालायचं नाही, पाण्यात मिसळून पानांवर फवारायचं. पानाच्या बारीक भोकांमधून ते आत जातं."

"पण शेंगांच्या झाडाला वरून नत्र कशाला हवं?" मावशीने विचारलं. "त्यांची चूल तर घरचीच असते."

मॅडम हसली. "तोच तर प्रश्न आहे. मातीत पोत्यातला युरिया टाकला की काय होतं, तुम्हीच सांगा."

"गाठी धरत नाहीत नीट. आयतं मिळाल्यावर कोण चूल पेटवेल?"

"बरोबर. पण फुलं येऊन शेंगा भरायच्या वेळी झाडाची भूक वाढते आणि गाठी पुऱ्या पडत नाहीत. त्या वेळी पानालाच चार घोट पाजले तर? मुळांना पत्ताही लागायला नको. जमेल की नाही, मला माहीत नाही. ते तुमच्या ताटलीत कळणार."

चवळीचे सोळा वाफे आखले गेले. काहींच्या मातीत पोत्यातला युरिया, काहींच्या पानांवर बाटलीतलं पाणी, काहींवर तेच दुप्पट, आणि काहींवर नुसतंच पाणी. प्रत्येक वाफ्याला फक्त नंबराची पाटी. कुठल्या नंबराला काय दिलंय, ते मॅडमच्या खणातल्या बंद पाकिटात. मावशीला मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि तिला ते पटलं होतं. कळलं असतं तर हात आपसूक कुठल्यातरी बाजूला झुकला असता.

पैलवानाला मात्र बाटलीची गोष्ट काही पचेना. "बाटलीवाले म्हणतात, अख्ख्या पोत्याचं काम एवढीशी बाटली करते? मग माझा मणका काय उगाच गेला?"

"अहो, अजून ठरलंय कुठं? करतायत ना प्रयोग."

"ठरलं की मला सांग. मी जाऊन त्या बाटलीचा सत्कार करतो."

फवारणी सकाळी व्हायची, दव वाळल्यावर, वारा उठायच्या आत. मावशी शेडच्या दारात उभी राहून बघायची. फवारणीवाला पंप पाठीला लावून दोन ओळींमधून सावकाश चालत जायचा आणि त्याच्या हातातून धुक्याचा पंखा उलगडायचा. तुषार चवळीच्या पानांवर उतरायचे, काही हवेतच विरायचे. त्या वर्षी ते धुकं फवारणी संपल्यावरही जात नसे, असं तिला वाटायचं. वाफ्यांच्या कडा विरघळलेल्या दिसायच्या. माणसं पाण्याखालून चालल्यासारखी यायची आणि अगदी जवळ आल्यावर त्यांना तोंडं फुटायची. दिव्याभोवती मऊ कडी दिसायची. अक्षरं सुजल्यासारखी झाली होती. डोळ्यांत काहीतरी होतंय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण ती ते स्वतःशीसुद्धा बोलत नव्हती. एकदा बोललं की स्टूल गेलं, ही भीती. आणि खरं सांगायचं तर तो धूसरपणा तिला थोडा आवडूही लागला होता. सगळं जग तिच्या तंद्रीच्या रंगाचं झालं होतं.

फुलं आली, तशी पहिली मुळं खणून आली. मावशीने धुतली, मोजली, कापली. आकडे नेहमीसारखे होते, कुठं जास्त, कुठं कमी. पण गाठी आतून तपकिरी. एका वाफ्याच्या, दुसऱ्याच्या, आठव्याच्या, सोळाव्याच्या. एवढ्या वर्षांत सगळीच्या सगळी खोली अशी विझलेली तिने पाहिली नव्हती. तिने खाली मान घालून वहीत लिहिलं: तपकिरी, तपकिरी, तपकिरी.

मॅडमने वही वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मावशीने लिहिलेलं ताडून बघायची केंद्रात पद्धतच नव्हती. तिने जाऊन बंद पाकीट फोडलं, नंबर ताडून पाहिले आणि परत शेडमध्ये आली. "मावशी, कुठल्या वाफ्यात काय ते मी सांगत नाही. पण एवढं सांगते, ज्यांना नुसतं पाणी दिलंय तेसुद्धा तपकिरी आहेत. म्हणजे दोष औषधाचा नाही. बियाण्याला चोळलेले जिवाणूच मेलेले असणार. सगळा हंगाम पाण्यात गेला. आजच साहेबांशी बोलते आणि प्रयोग बंद करते."

ती गेली. मावशी हौदाशी बसून राहिली. पाण्यात हात बुडवलेला, पण बोटं हलत नव्हती.

दुपारी पैलवान तिचा विसरलेला डबा घेऊन आला. स्टुलामागे उभा राहून त्याने ताटलीत डोकावलं. कापलेल्या दहा-बारा गाठी तिथं तशाच पडल्या होत्या.

"अगं," तो म्हणाला, "ह्याच का तुझ्या गाठी? कशा दिसतायत! डाळिंबाचे कोवळे दाणे फोडून ठेवल्यासारख्या."

मावशीने वळून त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"डाळिंब. गुलाबी नाहीयेत का?"

"थट्टा करू नका हो."

"थट्टा कशाची? सत्तावीस वर्षं गुलाबी-गुलाबी करून माझे कान किटवलेस. आता दिसलं तर बोलायचंही नाही?"

तिने एक गाठ सुईवर उचलली, दारातल्या उजेडात धरली, मग डाव्या डोळ्यासमोर, मग उजव्या. ओल्या पुठ्ठ्याचा रंग. तिने त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. "हा कुठला रंग?"

"आता सदऱ्याचं काय मध्येच? निळा आहे. तूच आणलास."

तिला तो मातकट, राखाडी दिसत होता. म्हणजे धुकं नुसतं कडांवर नव्हतं. त्याने आत शिरून रंगही पुसले होते, इतके हळूहळू, की केव्हा काय गेलं त्याचा हिशोबच राहिला नव्हता.

"दिसत नाही का गं तुला?" पैलवानाने अगदी हळू विचारलं.

तिने मान हलवली.

डबा तसाच राहिला. पदराला हात पुसत ती उठली आणि मॅडमच्या खोलीकडे निघाली. वाटेत दोनदा थांबली. न बोलता परत फिरता आलं असतं. जिवाणू मेले म्हणून प्रयोग बंद झाला असता, कुणाला कळलं नसतं, आणि निवृत्तीपर्यंतची तिची दोन वर्षं कशीबशी सरली असती. पण त्या बुटक्या गुलाबी खोल्यांमध्ये कुणी कुणी वाकून बसलेलं होतं, आणि तिने त्यांना वहीत मेलेलं म्हणून लिहून ठेवलं होतं. ते तिला सोसेना.

"मॅडम, गाठी मेलेल्या नाहीत," ती दारातूनच म्हणाली. "माझे डोळे गेलेत."

मॅडमने हातातला फोन खाली ठेवला. मग तिचा राग बाहेर आला. "किती दिवस? मावशी, किती दिवस दिसत नाहीये तुम्हाला? मी आत्ता साहेबांना फोन लावत होते!"

"धुरकट दिसतंय ते वर्षभर. रंगाचं खरंच आज कळलं. शपथ घेते हवी तर."

"आणि मोजणी? ते आकडे तरी खरे आहेत का?"

मॅडमने ताडताड जाऊन स्वतः एक झाड खणून आणलं, मूळ धुतलं आणि ताटली तिच्यापुढे सरकवली. "मोजा."

मावशीने डोळे मिटले. मिटल्यावर सोपं जातं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. कित्येक महिने ती असंच करत होती. उजव्या हाताची बोटं मुळावरून निघाली, थांबत, पुढे सरकत. "त्रेचाळीस. त्यातल्या दोन पोकळ आहेत."

मॅडमने भिंगातून मोजल्या. एक्केचाळीस. ओठ आवळून तिने पुन्हा मोजायला घेतलं, मुळाच्या फाट्यात लपलेल्या दोन तिला सापडल्या. त्रेचाळीस. शेजारच्या खुर्चीत ती धप्पकन बसली आणि तिला हसू आलं. हसता हसता तिचे डोळेही भरून आले, पण ते मावशीला दिसलं नाही.

"आकडे राहतील," ती म्हणाली. "रंगाचा रकाना खोडावा लागेल. का खोडला, तेही लिहावं लागेल."

"लिहा. माझं नाव घालून लिहा."

"नाव कशाला? 'निरीक्षकाच्या दृष्टिदोषामुळे' एवढं पुरे." मग ती म्हणाली, "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी येतेय बरोबर."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं आधी करू, तारीख महिन्याभराने मिळेल. पैलवान दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला, "जन्मभर मुळांवरचे मोती मोजलेस, दोन डोळ्यांत शिरले त्यात नवल काय?" आणि तिला हसवूनच रिक्षात बसवलं.

पण शेंगा भरायला लागल्या की दुसऱ्यांदा मुळं खणायची होती, तीही महिन्याच्या आत. रंग कोण बघणार? मॅडम म्हणाली, "मला चालणार नाही. पाकीट मी फोडलंय. मी बघितलं तर मला हवं तेच दिसेल. ज्याला वाफ्यांचं काही माहीत नाही, असा माणूस हवा." केंद्रातल्या बाकीच्यांची दुसऱ्या शेतांवर कापणी चालू होती. शेवटी मॅडमने रंगांच्या पट्ट्या आणल्या आणि पैलवानाची परीक्षा घेतली. पैलवान पास झाला आणि आठ दिवसांसाठी शेडमध्ये त्याची नेमणूक झाली.

ते आठ दिवस मावशीला पुढे नेहमी एकाच लांब दुपारसारखे आठवायचे. दोन स्टुलं शेजारी शेजारी. ती डोळे मिटून मोजायची आणि मोजलेली गाठ त्याच्या ताटलीत सोडायची. तो पोती उचलणाऱ्या त्या जाडजूड बोटांत ब्लेड धरून श्वास रोखायचा. पहिल्या दिवशी त्याने निम्म्या गाठी चिरडल्या. तिसऱ्या दिवशी हात वळला.

"सांगा."

"गुलाबी. पण फिक्का. ताप उतरल्यावर पोराचे ओठ असतात, तसा."

"नुसतं गुलाबी की फिक्कं गुलाबी, तेवढंच सांगायचं."

"मग तुला कसं दिसणार?"

तिने पुढची गाठ त्याच्या ताटलीत सोडली. मग म्हणाली, "बरं. सांगा तसं."

आणि तो सांगत गेला. हा संध्याकाळच्या ढगाच्या खालच्या कडेचा. हा मांजराच्या जिभेचा. ही हिरवी पडलीय, नाल्यातल्या शेवाळासारखी. हिला रंगच नाही, हिने काम केलेलंच नाही, माझ्या मुकादमासारखं. नळाचं पाणी पडत होतं, त्याचा आवाज त्यात मिसळत होता, आणि ती पुन्हा खाली खाली उतरत होती. फक्त आता खोलीच्या भिंती त्याच्या शब्दांनी रंगत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस रंग बघतो, हे तिला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यात विणत बसलेल्यांपैकी एकाने त्या आठवड्यात प्रथमच मान वर केली, असं तिला वाटलं. तो चेहरा ओळखीचा वाटला. पण तेवढ्यात पैलवान शिंकला आणि दोन गाठी उडाल्या.

वाळलेल्या शेंगा तोडून, दाणे तोलून झाल्यावर मॅडमने सगळे कागद शेडमध्येच पसरले. पोत्यातल्या युरियाचे वाफे दिसायला सगळ्यांत हिरवेगार होते, पण त्यांच्या मुळांवर गाठी थोड्या आणि त्याही बऱ्याचशा हिरवट. नुसत्या पाण्याच्या वाफ्यांत गाठी भरपूर, दाणे बेताचे. बाटलीच्या वाफ्यांत गाठी जवळजवळ पाण्याच्या वाफ्यांइतक्याच, कामावर असलेल्या, आणि दाणे थोडे जास्त भरलेले. दुप्पट दिलेल्या वाफ्यांत पानांची टोकं करपली होती आणि दाणे वाढले नव्हते.

"म्हणजे बाटली जिंकली?" पैलवानाने विचारलं.

"एका हंगामावर नाचायचं नसतं," मॅडम म्हणाली. "फरक थोडाच आहे. पावसानं, मातीनंही तेवढा पडू शकतो. अजून दोन हंगाम करून बघू. पण मुळांना पत्ता लागला नाही, एवढं ह्या वेळी तरी दिसलं."

"मग सत्कार?"

"दोन वर्षांनी."

"तोवर पाठ टिकली पाहिजे," तो म्हणाला.

मग मावशीच्या डोळ्याची तारीख आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली, आणि तिला पहिलं काय दिसलं तर दवाखान्याची भिंत. ती पांढरी होती, निळसर म्हणावी इतकी पांढरी. चादरीचा प्रत्येक धागा सुटा होता. मग समोर खुर्चीत बसलेला एक म्हातारा दिसला. डोकं कापसासारखं, भुवयाही पांढऱ्या.

"अहो!" ती म्हणाली. "हे केव्हा झालं?"

"काय?"

"केस."

पैलवानाने डोक्यावरून हात फिरवला. "तुला आत्ता दिसले? मी म्हणतोय, ही बया इतकी वर्षं काही बोलत कशी नाही."

ती बघत राहिली. वाईट वाटलं, पण त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. एवढा धारदार, एवढा उघडा त्याचा चेहरा तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. तेव्हा मान खाली होती. थोडा वेळ तिला धुकं परत हवंसं वाटलं. मग नर्सने डोळ्यात थेंब टाकले आणि तो विचारही वाहून गेला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली. दोघं सकाळी शेतांच्या मधल्या वाटेने केंद्राकडे चालले होते. चवळीची जमीन नांगरून पडली होती. तिच्या पलीकडे, जिथं तिच्या तंद्रीच्या लेखी कित्येक वर्षं आभाळच खाली टेकलेलं होतं, तिथं तिला झाडांची एक रांग दिसली. उंच, सरळ, एकसारख्या अंतरावर. पानं उन्हात उलटसुलट होत होती, आणि प्रत्येक पान वेगळं.

"ही झाडं कुठून आली?"

"सात वर्षं झाली लावून."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

ती वाट सोडून नांगरटीत उतरली. ढेकळांवरून पाय मुरगळेल, असं पैलवान मागून ओरडत होता. कामाची घंटा झाली तरी ती त्या झाडांपाशीच होती, एका खोडाला हात लावून, मान वर करून. मॅडमने शेडच्या दारातून हाक मारली, मग पुन्हा एकदा मारली, आणि पैलवानाने तिला हाताने खूण केली की जरा थांबा, येईल ती.